नांदेडची उघडी बोळ आणि लातूरची बुजवलेली दारं

नांदेडला गेलो तो लग्नाला नाही की देवदर्शनालाही नाही. एक बोळ बघायला गेलो. सून म्हणाली, "बाबा, पुण्यात बोळी कमी आहेत का?" मी म्हटलं, "आहेत, पण त्यांत कुणी बसत नाही." तिनं डबा भरून दिला आणि गुडघ्याचा पट्टा आठवणीनं बॅगेत टाकला.

ज्यांनी अशी बोळ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पन्नासेक वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या शहरांत ज्या वसाहती झाल्या, त्यांचा नकाशा साधारण एकच असायचा. घरांच्या दोन ओळी, तोंडं दोन वेगळ्या रस्त्यांकडे, पाठी एकमेकींकडे, आणि दोन पाठींच्या मधे सफाईवाल्यासाठी सोडलेली बोळ. मोरीचं पाणी, मोडक्या बाजा, फुटके माठ, सगळं तिकडे. आता या वसाहती म्हाताऱ्या झाल्या आहेत. स्लॅब गळतात, बोअर आटलेत, मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलीत. बिल्डर म्हणतात पाडा, उंच इमारत बांधून देतो. मृणाल नावाची नांदेडचीच एक तरुण आर्किटेक्ट म्हणते, पाडू नका. मागची दारं उघडा. बोळीत सावली करा, तिथं पाणी मुरवा, झाडं लावा. माणसं आपोआप येऊन बसतील.

मृणालनं नांदेडची एक वसाहत अशी करून दाखवली आणि मग लातूरची एक हातात घेतली. त्या लातूरच्या वसाहतीत माझा निम्मा संसार झाला. तिथून मी एका बांधकाम कचेरीत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर घर विकून मुलाकडे गेलो. एक दिवस तिचा फोन आला. म्हणाली, सगळी गल्ली तयार आहे, फक्त शेवटची समोरासमोरची दोन घरं अडून बसलीत. उतार तिकडेच आहे, पाण्याच्या नळ्या त्या दोन परसांखालूनच जायला हव्यात, त्यांचा होकार नसेल तर सगळंच थांबतं. एक घर पार्वतीबाई सूर्यवंशींचं, ज्यांना सगळे पारूअक्का म्हणतात. दुसरं बिराजदार सरांचं, गणिताचे निवृत्त मास्तर. तीस वर्षं बोलत नाहीत. "दोघंही म्हणतात, कुलकर्णी सांगतील ते ऐकू," मृणाल म्हणाली. "तुमचं फार नाव आहे हो इथं."

त्यानंतर मला फोन कानाशी धरवेना.

खरं काय ते इथंच सांगतो. पारूअक्कांनी घरामागं बोळीवर पत्र्याचं छप्पर ओढून शिकायला आलेल्या पोरांसाठी मेस चालवली होती. अतिक्रमणं बघायला नगरपालिकेची माणसं येणार असं कळलं. माझ्या मोरीची भिंतही हातभर बोळीत आली होती. त्या माणसांचा साहेब माझ्या ओळखीचा. त्याची नजर माझ्या भिंतीवर जाऊ नये म्हणून मी चहा पिता पिता त्याला अक्कांचं छप्पर दाखवलं. दुपारपर्यंत छप्पर गेलं. संध्याकाळी अक्कांच्या मालकांनी मला विचारलं, "कुणी केलं हो हे?" मी म्हणालो, "पलीकडच्या ओळीतून कुणीतरी बोललं म्हणे." पलीकडे समोरासमोर एकच घर होतं, सरांचं. सरांनी पूर्वी धुराची कुरकुर केलेली होती. तेवढं पुरलं. महिन्याभरात दोन्ही घरांनी आपापली मागची दारं विटांनी बुजवली.

आता अक्का म्हणत होत्या, सरांनी आधी कबूल करावं. सर म्हणत होते, बाईंनी आधी शब्द मागे घ्यावा. न केलेलं सर कबूल कसं करणार? हे खरं सांगायला मी निघालो होतो. आधी नांदेड बघून घेऊ असं मृणालला कळवलं, त्यात थोडा पळपुटेपणा होता हे मान्य करतो. पण नांदेडला उतरलो आणि खरोखरच सगळं विसरलो.

नांदेड

वसाहतीचं नाव देत नाही. बघ्यांची रीघ लागली की राहणाऱ्यांना त्रास होतो, हे तिथल्या काशीबाईंनी मला पहिल्याच मिनिटाला ऐकवलं. "रोज कुणीतरी येतं, फोटू काढतं, अन् भाजी निवडायला कुणी बसत न्हाई," असं म्हणत त्यांनी माझ्यापुढे मेथीची जुडी सरकवली. काशीबाई शाळेत शिपाई होत्या, आता निवृत्त आहेत, आणि बोळीच्या अघोषित मुख्याध्यापिका आहेत. मी मेथी निवडत निवडतच ती बोळ पाहिली.

आणि काय पाहिलं म्हणून सांगू. दोन्ही बाजूंच्या मागच्या भिंती कमरेएवढ्या उतरवलेल्या, त्यांच्यावर बसायला शहाबादी फरशी. ही फरशी घराघरांतून उखडून गल्लीत फेकलेली होती, टाइल्स बसवताना. तीच धुऊन पुन्हा लावली आहे. डोक्यावर गच्चीपासून गच्चीपर्यंत तारा, तारांवर दोडक्याचे आणि गोकर्णाचे वेल. मोऱ्यांचं पाणी आता नाली करून वाहत नाही. ते आधी खडी-वाळूच्या चरातून जातं, मग कर्दळीच्या वाफ्यातून, आणि शेवटी शेवगा अन् केळीला पोचतं. वास नावाला नाही. मी हे मुद्दाम वाकून हुंगून पाहिलं आणि तोल जाऊन एक पाय कर्दळीत घोट्यापर्यंत गेला.

"बाबा, काय करून राहिले?" काशीबाई म्हणाल्या. "पाणी वास न्हाई मारत म्हणून आंघोळच कराया लागले का?"

सगळी बोळ हसली. एका बाईंनी पाय धुवायला तांब्या दिला, दुसऱ्या घरातून कोरडी चप्पल आली. पुण्यातल्या आमच्या इमारतीत मी एकदा जिन्यात घसरलो होतो, तेव्हा तिथल्या कॅमेऱ्यानं ते टिपलं आणि ग्रुपवर सूचना आली, ज्येष्ठांनी लिफ्ट वापरावी.

मृणाल मला गच्च्यांवर घेऊन गेली. गच्च्यांना चुन्याचा पांढरा हात दिलाय, त्यानं उन्हाळ्यात खालची खोली निवते. सगळ्या गच्च्यांचं पावसाचं पाणी एकाच पाइपातून जुन्या, आटलेल्या बोअरच्या शेजारच्या खड्ड्यात उतरतं. पाडापाडी अगदी थोडी. एके ठिकाणी दोन घरांनी कठड्याचा तुकडा काढून लोखंडी फळी टाकली आहे, आणि त्या फळीवरून बायका कुरडयांच्या पाट्या घेऊन या घरून त्या घरी जातात. मी कचेरीत आयुष्यभर कठडे मंजूर केले. कठडा काढण्याचं चित्र मी कधी कागदावरही पाहिलं नव्हतं.

"पहिलं दार कुणी उघडलं?" मी विचारलं.

"कुणीच तयार नव्हतं," मृणाल म्हणाली. "चोर येतील, उंदीर येतील, शेजारीण येईल. मग काशीबाईंचा गॅस संपला."

"गॅस संपला अन् तव्यावर भाकर," काशीबाईंनी पुढं सांगितलं. "समोरून फिरून जायचं म्हणलं तर भाकरीचा कोळसा. मागून कडी काढली अन् तवा घेऊन घुसले पाठीमागल्या घरात. तिचं नाव बी म्हाईत नव्हतं मला. वीस वर्सं पाठीला पाठ लावून ऱ्हात होतो."

दुपारी त्याच बोळीत जेवलो. तहरी होती, सोबत टमाट्याची चटणी आणि कांदा. भात कोणाच्या घरचा, चटणी कोणाची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी इतका खुशीत होतो की मृणालला म्हणालो, लातूरच्या बैठकीसाठी उद्याचाच दिवस धरा, सगळ्यांना बोलवा. तिनं तिथल्या कुणालातरी फोन लावला. पलीकडून "या की, या" असं काहीतरी ऐकू आलं, पुढचं गोंगाटात गेलं. मी दिवस कोणता आहे हे पाहिलं नाही. नांदेडच्या पोरीला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं.

लातूरच्या वाटेवर

लोहा सोडून अहमदपूरच्या पुढं आलो आणि रस्ता भरून गेला. बैलगाड्या, टेम्पो, ट्रॅक्टर, मोटारसायकलीवर चौघं. बायकांच्या डोक्यावर कांबळ्यात गुंडाळलेली भांडी. दोन्ही बाजूंना हरभरा गुडघ्याखाली हिरवागार, ज्वारी पोटरीत, कणसं बाहेर पडायच्या बेतात, मधे करडईची काटेरी रांग.

"आज जत्रा आहे का कुठे?" मृणालनं विचारलं.

मी खिडकीतून बघत होतो आणि कानशिलं गरम झाली. लातूरकडचा माणूस येळवस विसरला होता. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्याकडे घरात कुणी राहत नाही. ज्याचं शेत आहे तो शेतात जातो, ज्याचं नाही त्याला दुसरा नेतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी करतात, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजतात, पिकावर आंबील शिंपडतात आणि दिवसभर जेवतात. शहरात त्या दिवशी चहा मिळणं मुश्कील, आणि मी त्या दिवशी बैठक बोलावली होती.

चाकूरजवळ एका बांधावरून एका माणसानं हात करून गाडी थांबवायला लावली. काही अडलंय असं वाटून मृणालनं काच खाली केली. "जेवून जावा," तो म्हणाला. ओळखदेख काही नाही. आम्ही पोचायची घाई सांगितली, तर त्यानं खिडकीतून दोन उंडे आणि हरभऱ्याची पेंढी आत दिली. उंडे म्हणजे बाजरीचे उकडलेले गोळे, तेल लावून खायचे. मृणाल स्टिअरिंगवर एक हात ठेवून ते खात होती आणि म्हणत होती, हे नांदेडला कसं नाही.

लातूर, येळवस

वसाहतीत पोचलो तर कुलपंच कुलपं. शेवटचा टेम्पो निघायच्या बेतात होता. त्यातल्या बायकांनी मृणालला ओळखलं. "म्याडम, बैठक कसली आज? चढा वर." मी म्हणालो, तू जा, माझा गुडघा टेम्पोत चढणार नाही. ती गेली. मी एकटाच उरलो.

बोळीत शिरलो. कामाच्या खुणा सगळीकडे होत्या. चुन्यानं आखलेल्या रेषा, खडीचे ढीग, आळी करून ठेवलेले खड्डे. दोन्हीकडची मागची दारं तेलपाणी होऊन तयार. आणि अगदी शेवटी, उताराच्या तोंडाशी, समोरासमोर दोन चौकटी, विटांनी भरलेल्या. माझ्या जुन्या मोरीची भिंत अजून होती तिथंच आहे, हातभर पुढं.

"कोण हाय खाली?" वरून आवाज आला. गच्चीच्या कठड्यावरून पारूअक्का वाकल्या होत्या. केस पांढरे झालेत, आवाज तोच. "आवं, भाऊजी का? एकलेच? समोरून या घरात. येळवशीला उपाशी कोण ऱ्हातं का."

त्यांचा मुलगा सासुरवाडीच्या शेतात गेला होता, त्यांना गाडीचा प्रवास सोसत नाही. चुलीएवढ्या मोठ्या शेगडीवर भज्जीचं पातेलं होतं. हिवाळ्यातल्या सगळ्या भाज्या, हिरवे दाणे, वाल, चिंच, बेसन, सगळं एकत्र शिजून घट्ट झालेलं.

"एकटीला एवढी?"

"हात ऐकत न्हाई. शंभर पोरायचा सैपाक केल्याला हात हाय. बसा."

त्यांनी ताट घेतलं. मी म्हणालो, "अक्का, वाढायच्या आधी एक सांगायचंय." आणि सांगितलं. साहेब, चहा, छप्पर, आणि मालकांना दिलेलं उत्तर.

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. "परत सांगा."

परत सांगितलं. दुसऱ्या वेळी आजूबाजूचे शब्द गळून पडले, थोडक्यात झालं.

"तुमची मोरी," त्या म्हणाल्या.

"हो."

"वैनी बाळंतपणाला माहेरी होत्या तवा तुमी कुठं जेवत होता?"

"तुमच्याकडे."

"त्याच छपराखाली."

"हो."

भज्जीकडे बघतच त्या म्हणाल्या, "आमचे मालक जाताना बोलले, बिराजदाराला दारात येऊ देऊ नका. मयतीला सर आले होते. रस्त्यापल्याड चप्पल काढून उभं ऱ्हायले. मी पोराला धाडून त्यायला परत लावलं." त्यांनी पदरानं हात पुसले. "आता त्यायला कुठून बोलावू? मालकायला?"



त्या उठल्या. "चला. मला सांगून काय उपेग. ज्याला चोर म्हणलं त्याला सांगा."

मागचं दार बंद, म्हणून आम्ही रस्त्यानं फिरून गेलो. अक्का पुढं, मी मागं. सर व्हरांड्यात मफलर गुंडाळून पेपर वाचत बसले होते, शेजारी काठी. अक्कांना फाटकात पाहून ते उभे राहायला लागले, पुरतं उठता येईना, तसेच अर्धे उठलेले थांबले.

"सर, ह्यायचं ऐका," अक्का म्हणाल्या.

मी तिसऱ्यांदा सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे मी ते केलं नाही हे या गल्लीत दोघांना माहीत होतं," ते म्हणाले. "मला आणि तुम्हाला."

"हो."

"मी इतकी वर्षं समजत होतो, एकालाच." मग म्हणाले, "शाळेत पोरं मागून मला छप्पर सर म्हणायची, कुलकर्णी. माझ्याच वर्गातली. बाईंच्या मेसमधली."

"म्या बी तुमाला लई बोलले," अक्का म्हणाल्या.

"बोललात. गणपतीच्या मांडवात माईकवरून बोललात."

"माईक चालू हाय हे मला काय म्हाईत?"

सर हसले. आधी नाकातल्या नाकात, मग खोकला येईपर्यंत. अक्का हसल्या नाहीत, पण पायरीवर बसल्या. जरा वेळानं उठून घरी गेल्या आणि पातेलं, आंबील, भाकरी घेऊन परत आल्या. सरांच्या व्हरांड्यात त्यांनी तीन ताटं मांडली. मलाही वाढलं, भरपूर वाढलं. येळवशीला कुणाला वगळत नाहीत. सरांना त्यांनी तीनदा आग्रह केला, पोटावर हात ठेवून नको म्हणाले तरी पळी ओतली. माझं ताट रिकामं झालं तेव्हा त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"त्या पोरीला सांगा," सरांना त्या म्हणाल्या, "नळ्या टाका म्हणावं. माझ्याकडून बी अन् तुमच्याकडून बी."

"उद्या सांगू," सर म्हणाले. "आज लोक परतले की कुलकर्णी आधी सगळ्यांना सांगतील."

लोक उन्हं कलल्यावर परतले. टेम्पोतून उतरताना मृणालच्या दोन्ही हातांत हरभऱ्याच्या पेंढ्या होत्या आणि ती नाचायचीच काय ती बाकी होती. सरांनी काठी आपटून सगळ्यांना बोळीत बोलावलं. खडीच्या ढिगाशेजारी उभं राहून मी सांगितलं. पोटं भरलेली माणसं, पोरं पेंगुळलेली. एका बाईंनी तोंडाला पदर लावला. माझं घर ज्यानं घेतलं तो तरुण माझ्या जुन्या मोरीच्या भिंतीकडे बघू लागला आणि म्हणाला, "म्हणजे ही पण काढायची." मृणाल म्हणाली, "हो, तिच्यामुळं नळीला वळण द्यावं लागत होतं." लगेच पहार कुणाकडे, घमेली कुणाकडे, यावर चर्चा सुरू झाली. मी बोलून संपवलंय हेही कुणाच्या लक्षात राहिलं नसावं.

विटा काढायला सकाळपर्यंत थांबायचं ठरत होतं. सर म्हणाले, "उजेड आहे अजून." मग तरण्या माणसांनी पहारी लावल्या. मी काढलेल्या विटा उचलून एका बाजूला रचत होतो. फरशीखाली वापरता येतील असं मृणालनं सांगितलं होतं. आधी सरांकडची चौकट मोकळी झाली. आत जाळं, एक गंजलेली कडी, आणि पलीकडे सरांच्या स्वयंपाकघरातला दिवा. मग अक्कांकडची. त्यांचं दार फुगून बसलं होतं, दोघांनी खांदा लावला तेव्हा एकदम आत गेलं.

अक्का उंबऱ्यात आल्या. डोक्यावरून पदर घेतला. बोळीपलीकडे सर आपल्या दारात काठी धरून उभे होते.

"सर, या," त्या म्हणाल्या. "आत या."

सरांनी चप्पल बोळीतच काढली. खडी टोचत होती म्हणून सावकाश आले. मी वाट मोकळी करायला विटा घेऊन बाजूला सरलो. अक्का त्यांना घेऊन आतल्या खोलीत गेल्या, जिथं मालकांचा हार घातलेला फोटो आहे. मला कुणी बोलावलं नाही आणि मी गेलो नाही. गल्लीतली पहार थांबली होती. आतून अक्कांचा आवाज आला, मेसमधल्या पोरांना हाक मारायच्या तसा मोठ्यानं.

"आवं, ऐकलं का, सर आलेत. मीच बोलावलं."